चार खाने

पालकसभा संपत आली होती. 2014 चा नोव्हेंबर, धानाच्या कापणीचे दिवस, त्यामुळे गावाकडचे पालक फारसे आलेच नव्हते. मी रजिस्टर मिटायला घेतलं तेवढ्यात बारावीतल्या एका मुलीचे वडील दारात येऊन उभे राहिले. अभनपूरच्या पलीकडच्या गावातून आले होते, चपलांवर खळ्यातली धूळ तशीच होती. मी मुलीचे गुण सांगितले. आनुवंशिकतेच्या चाचणीत तिला 25 पैकी 23 मिळाले होते, वर्गात सगळ्यांत जास्त. त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, मोठ्या मुलाला सिकलिंग आहे ना, म्हणून हा धडा ती मन लावून वाचते.

सिकलसेलला रायपूरकडे सगळे सिकलिंगच म्हणतात. मी मूळची नागपूरची. आमच्या मोहल्ल्यात नुसतं ‘सिकल’ म्हणत. लग्न होऊन रायपूरच्या तात्यापाऱ्यात आले, हिंदी माध्यमाच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागले, आणि रोगाचं नाव तेवढं बदललं. हातापायांच्या सांध्यांत कळा, डोळ्यांत पिवळेपणा, दर दोन-तीन महिन्यांनी दवाखाना, हे सगळं दोन्हीकडे तेच. विदर्भ आणि छत्तीसगड या बाबतीत एकाच पट्ट्यात येतात. त्यामुळे मी सहजच विचारलं, मग हिची आणि धाकट्या मुलाची तपासणी केलीत ना?

त्यांनी मान हलवली. “बड़े वाले मा निकल गे मैडम, बाकी मन बाँच गिन.” मोठ्यात निघाला, बाकीचे वाचले.

कशावरून, असं मी विचारायच्या आत त्यांनी मुलीच्या पिशवीतून वही काढली. पान त्यांना नेमकं माहीत होतं. त्यावर पट्टीने आखलेला चौकोन होता, त्यात चार खाने. आई एएस, वडील एएस; ए म्हणजे नेहमीचा जीन, एस सिकलचा. एका खान्यात एए, दोन खान्यांत एएस, म्हणजे वाहक, आणि चौथ्यात एसएस, म्हणजे आजार. चौथा खाना पेन्सिलीने काळा केला होता. त्यांनी त्या काळ्या खान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, चारात एक होता, तो थोरल्याच्या वाट्याला आला. बिटियानेच समजावून सांगितलं.

ते पान मी ओळखलं. चौथा खाना काळा करायची सवय माझी. फळ्यावर मी खडू आडवा धरून तो भरते, म्हणजे मागच्या बाकावरून दिसतो. उत्तराला लाल शाईने 5 पैकी 5 मीच दिले होते.

त्यांना मी त्याच आठवड्यात दोन्ही मुलांना मेकाहाराला, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, घेऊन जायला सांगितलं. का ते समजावलं तेव्हा त्यांनी वही मिटून पिशवीत ठेवली आणि एकच विचारलं, “तो कॉपी मा गलत लिखे हे का?” वहीत चुकीचं लिहिलंय का? या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं. वहीत लिहिलेलं एकही अक्षर चुकीचं नव्हतं.

त्या रात्री मी बारावीच्या चाचणीचे सगळे पेपर पुन्हा काढले. 44 मुलं. चौकोन 39 जणांनी बिनचूक काढला होता. दुसऱ्या दिवशी वर्गात मी एकच प्रश्न फळ्यावर लिहिला आणि उत्तर नाव न घालता चिठ्ठीवर मागितलं: आईवडील दोघे वाहक आहेत, पहिल्या मुलाला सिकलिंग आहे, दुसऱ्या मुलाला होण्याची शक्यता किती? फक्त 11 चिठ्ठ्यांवर ‘चारात एक’ असं होतं. बाकीच्यांनी ‘शून्य’, ‘खूप कमी’, ‘आता नाही होणार’ असं लिहिलं. एका चिठ्ठीवर तर ‘पुढचे तीन सुरक्षित’ असं हिरव्या शाईत अधोरेखित केलेलं होतं.

बावीस-तेवीस तासांचा हा घटक मी तेव्हा वीस वर्षं शिकवत होते. मुलांच्या गैरसमजुती म्हणजे घरून, गल्लीतून, आजीच्या तोंडून आलेल्या गोष्टी, आणि शाळेचं काम त्या काढून टाकायचं, असं मी धरून चालले होते. ही गैरसमजूत कुठल्याही आजीने सांगितलेली नव्हती. ती माझ्या फळ्यावर जन्मली होती.

हा चार खान्यांचा पनेटचा चौकोन म्हणजे शक्यतांचं कोष्टक. पाढ्यांचा तक्ता असतो तसा. केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो मांडला आणि जगभरच्या वर्गांनी तो उचलला, कारण त्याने हिशेब सोपा होतो. पण सतरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनी तो बघा. वर आई, डावीकडे बाबा, मधे चार घरं. आपल्याकडे आईबाप आणि चार घरं असं चित्र काढलं की त्या घरांत चार मुलंच राहायला येतात. मुलं म्हणतात, पहिला खाना मोठा भाऊ, दुसरा ताई. मी त्यांना कधीही सांगितलं नव्हतं की हे चारही खाने एकाच मुलाचे आहेत. ते इतकं उघड आहे की सांगायची गरज आहे असं मला वाटलंच नव्हतं.

नुसतं सांगून ते जातही नाही. मी सांगून पाहिलं. मुलांनी माना डोलावल्या, आणि आठ दिवसांनी तोच प्रश्न जरा फिरवून घातला तेव्हा ‘शून्य’ लिहिणारे पुन्हा निम्म्याहून जास्त निघाले. म्हणून मग मी चिंचोके आणले. दोन पिशव्या, एक आईची, एक बाबांची. प्रत्येकीत एक काळा चिंचोका आणि एक भाजून सोललेला पांढरा. दोन्ही पिशव्यांतून न बघता एकेक काढायचा. काळा-काळा निघाला तर एसएस. प्रयोग पहिल्याच तासात फसला, कारण सोललेला चिंचोका बोटाला वेगळा लागतो आणि मुलं नकळत तोच उचलत होती. संध्याकाळी गोल बाजारात जाऊन एकाच मापाचे काळे आणि पांढरे मणी घेतले, तेव्हा कुठे काम सुरू झालं.

त्या दिवशीचं एक दृश्य माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. दुसऱ्या बाकावरच्या मुलाने पहिल्या ‘मुला’साठी मणी काढले. काळा-काळा. त्याने वहीत ‘एसएस’ लिहिलं, मणी बाकावर ठेवले आणि जवळजवळ रिकाम्या पिशव्या हातात धरून माझ्याकडे बघितलं. आता प्रत्येक पिशवीत एकेक पांढराच उरला होता. “मैडम, निकल गया तो निकल गया ना. वापस क्यों डालें?”

अख्खा गैरसमज त्या बाकावर मांडून ठेवल्यासारखा होता. अभनपूरकडचे ते वडील हेच म्हणत होते. मी त्याला उत्तर दिलं नाही. वर्गालाच विचारलं, पहिलं मूल झाल्यावर आईच्या शरीरातून तो जीन संपतो का? पाच मिनिटं कल्ला झाला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभरात क्वचितच बोलली असेल, म्हणाली की नाही संपत, कारण आईच्या प्रत्येक पेशीत दोन्ही आहेत, आणि अंडपेशी दर वेळी नव्याने त्यातला एक घेते. मुलाने मणी पिशवीत परत टाकले. टाकताना तो काही बोलला नाही, पण मला वाटतं, तो त्या वर्षाचा माझा सगळ्यांत चांगला क्षण होता.

मग प्रत्येकाने चार मुलांचं एकेक कुटुंब तयार केलं. 44 कुटुंबं झाली. फळ्यावर मोजदाद केली तर 17 घरांत नेमकं एक मूल एसएस होतं, 15 घरांत एकही नव्हतं, आणि 12 घरांत दोन किंवा त्याहून जास्त. तीन मुलं एसएस निघालेलं घरही एक होतं. ज्या मुलीचं ते घर, ती ते आकडे बघून गप्प झाली. गणिताने काढलं तर 256 मध्ये 108 घरांत एक, 81 घरांत एकही नाही आणि 67 घरांत दोन किंवा जास्त, म्हणजे वर्गाचा निकाल त्याच्या जवळपासच होता. ‘चारात एक’ हे तंतोतंत खरं ठरतं अशी घरं निम्म्याहूनही कमी. मुलांना हे सगळ्यांत नवं वाटलं. चौकोन चुकला असं कुणाला वाटलं नाही. चौकोन कशाबद्दल बोलतो ते कळलं.

त्यानंतर मी माझे शब्द तपासायला लागले, आणि त्यांतही दोन खड्डे सापडले.

पहिला ‘अप्रभावी’. हिंदी पुस्तकात तोच शब्द आणि मराठीतही तोच. जोडीने असलेल्या दोन जनुकांपैकी ज्याचा परिणाम दिसतो तो प्रभावी, झाकला जातो तो अप्रभावी. पण औषध अप्रभावी ठरलं असं आपण म्हणतो तेव्हा ते काही कामाचं नव्हतं असाच अर्थ होतो. मुलं तोच अर्थ घेऊन येतात. सिकलिंगचा जीन अप्रभावी, म्हणजे कमजोर, म्हणजे घाबरायचं कारण नाही. उलट प्रभावी म्हणजे ताकदवान, आणि ताकदवान म्हणजे लोकांत जास्त आढळणारा. हाताला सहा बोटं असणं पुष्कळदा प्रभावी जनुकामुळे येतं हे सांगितलं की वर्ग चक्रावतो, कारण सहा बोटांची माणसं तर हजारात एखादी. मी आता ‘दिसणारा’ आणि ‘दबून राहणारा’ असं आधी दोन-तीन तास बोलते आणि पुस्तकी शब्द नंतर देते. आणखी एक गोष्ट मुलांना दाखवते. वाहकाच्या रक्ताची इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी केली की दोन पट्टे दिसतात, एक नेहमीच्या हिमोग्लोबिनचा आणि एक सिकलचा. म्हणजे दबलेला जीन झोपलेला नसतो, त्याचं काम चालूच असतं. फक्त माणूस सहसा आजारी पडत नाही.

दुसरा शब्द ‘वाहक’, आणि हा मला जास्त छळतो. आठवीच्या विज्ञानात मुलं शिकतात की ॲनाफिलीसची मादी मलेरियाची वाहक असते. चार वर्षांनी मी त्यांना सांगते की तुमची आई सिकलसेलची वाहक असू शकते. शब्द एक, पुस्तकं एकाच मालिकेतली, मधे कुणी काही फरक सांगितलेला नाही. एका मुलीने डबा खाताना शेजारच्या मैत्रिणीपासून बाक सरकवला, कारण मैत्रिणीच्या तपासणीच्या कार्डावर ‘वाहक’ लिहिलं होतं. मी तिला ओरडले असते तर ती गप्प बसली असती आणि घरी जाऊन आईला तेच सांगितलं असतं. मी विचारलं, तुला काय होईल असं वाटतं? ती म्हणाली, “वाहक है तो फैलाएगी ना मैडम. मच्छर जैसा.” तिचा तर्क बिनचूक होता. आम्ही दिलेल्या शब्दावरून कुठलंही शहाणं मूल याच ठिकाणी पोहोचेल. आता मी फळ्यावर दोन रकाने करते, डास काय नेतो आणि आई काय देते. डास परोपजीवी जंतू नेतो, एका माणसाकडून दुसऱ्याकडे, कुणाकडेही. आई एक जीन देते, फक्त स्वतःच्या मुलाला, फक्त गर्भधारणेच्या वेळी. शिवून, एका ताटात जेवून, एका पलंगावर झोपून तो जात नाही. हे मी ज्या दिवशी शिकवते त्या दिवशी डब्याच्या सुट्टीत वर्गातच बसते.

घरून येणाऱ्या समजुतींबद्दलही माझं मत आता बदललं आहे. पहिल्या पावसानंतर शास्त्री बाजारात सरईच्या, म्हणजे सालाच्या, जंगलातलं बोडा नावाचं अळंबं येतं, रायपुरात त्याची फार किंमत असते. मुलं सांगतात, वीज कडाडली की जमिनीतून बोडा फुटतो. मी आधी हसून सोडून द्यायचे. पण नीट ऐकलं तर या समजुतीत तीन खऱ्या निरीक्षणांची भर आहे: ते पहिल्या गडगडाटी पावसानंतरच मिळतं, सरईखालीच मिळतं, आणि कुणी पेरलेलं नसतं. चुकलंय फक्त कारण. बुरशीचे धागे वर्षभर त्या झाडाच्या मुळांना बिलगून असतात, झाडाकडून साखर घेतात, झाडाला पाणी आणि खनिजं मिळवून देतात, आणि ओल मिळाली की फळतात. जी मुलं जंगलातून बोडा वेचून आणतात त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. मी आता त्यांना आधी बोलू देते.

रक्ताबद्दलची समजूत अशीच खोल गेलेली. खून का रिश्ता, रक्ताचं नातं, घराण्याचं रक्त. दोन्ही भाषा आनुवंशिकता रक्तातच ठेवतात, आणि सिकलसेल तर उघडच रक्ताचा आजार. म्हणून प्रश्न येतात. वाहकाने रक्तदान केलं तर घेणाऱ्याच्या मुलांना सिकलिंग होईल का? रुग्णाला रक्त चढवत राहिलं तर त्याची पुढची पिढी सुटेल का? नवराबायकोचा रक्तगट एकच असेल तर मुलं कमजोर होतात का? मी त्यांना सांगते की हा प्रश्न डार्विनच्या काळच्या मोठमोठ्या माणसांनाही पडला होता. डार्विनला वाटायचं, शरीराच्या प्रत्येक भागातून बारीक कण निघून पुढच्या पिढीत जातात. त्याच्या सावत्र आत्याचा मुलगा फ्रान्सिस गाल्टन याने सशांवर तपासून बघितलं. एका जातीच्या सशांचं रक्त दुसऱ्या जातीच्या सशांना चढवलं आणि त्यांची पिल्लं बघितली. 1871 मध्ये त्याने निकाल छापला. पिल्लांच्या रंगात काही फरक पडला नव्हता. रक्त चढवून आनुवंशिकता जात नाही हे दीडशे वर्षांपूर्वी सशांनी सांगून झालं आहे. मुलांना ही गोष्ट आवडते, कारण आपली चूक डार्विनच्या रांगेतली आहे हे कळल्यावर ती सोडायला कमीपणा वाटत नाही. मग मी सांगते की आपल्या लाल पेशींत केंद्रकच नसतं, त्या हाडांच्या मगजात तयार होतात आणि साधारण 120 दिवसांनी मरतात. सिकलच्या पेशी तर त्याच्या कितीतरी आधी, म्हणून तर अंगात रक्त कमी.

झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन, हे वाक्य तर दर वर्षी येतं आणि त्यासाठी मी थर्मासमध्ये भिजवून मोड आणलेले हरभरे ठेवते. भर दुपारी थर्मामीटर घातला की पारा चढलेला दिसतो. अंकुर दिवसाढवळ्या श्वसन करतायत, वाद मिटतो. ही समजूत सोपी आहे, कारण तिच्यामुळे कुणाचा संसार मोडत नाही.

जातीचा प्रश्न मात्र सोपा नाही. “मैडम, ये तो उनकी बीमारी है,” असं वर्गात कुणीतरी म्हणतंच, आणि ‘उनकी’ कोण ते सगळ्यांना ठाऊक असतं. पहिली काही वर्षं मी ‘असं बोलू नये’ एवढं म्हणून पुढे जायचे. ते भित्रेपण होतं. आता मी नकाशा लावते. सिकलसेल आफ्रिकेत आहे, ग्रीसमध्ये आहे, तुर्कस्तानात, सौदी अरबस्तानात आणि आपल्याकडे मध्य भारतात, गुजरातेत, ओडिशात, निलगिरीत. या सगळ्यांत सारखं काय? मुलं हवामान, नदी, जंगल म्हणतात. मग त्याच नकाशावर मी जुन्या मलेरियाचा नकाशा ठेवते. ॲन्थनी ॲलिसन यांनी 1954 मध्ये दाखवून दिलं की सिकलचा एकच जीन असलेल्या माणसाला घातक मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जिथे मलेरियाने पिढ्यान्‌पिढ्या मुलं मारली, तिथे एएस मुलं जगली आणि मोठी झाली. जीन टिकला तो यामुळे. कुणाच्या पापाने नाही, कुणाच्या जातीने नाही. ज्यांचे पूर्वज मलेरियाच्या रानात राहिले आणि वाचले, त्यांच्यात तो आहे. आणि ही सगळी उलथापालथ किती लहान गोष्टीची? बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं ओवलेली असतात, त्यातला सहावा मणी बदलतो, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी 1956-57 मध्ये हे शोधलं. गोल बाजारातले तेच मणी मी पुन्हा काढते आणि मुलांना माळ ओवायला देते. 146 मणी ओवताना कंटाळतात, पण सहाव्यावर थांबतात.

एक नियम मी स्वतःला घातला आहे आणि नव्या शिक्षकांनाही सांगते. वर्गात ‘कुणाच्या घरी आहे?’ असं कधी विचारायचं नाही. मणी आहेत, नकाशा आहे, कल्पनेतलं कुटुंब आहे. ज्याला सांगायचं असेल तो तास संपल्यावर जिन्यात येऊन सांगतो. दर वर्षी दोन-तीन जण येतातच.

1 जुलै 2023 ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. 2047 पर्यंतचं लक्ष्य, 17 राज्यं, 40 वर्षांपर्यंतच्या सुमारे सात कोटी लोकांची तपासणी. आमच्या मुलांच्या हाती आता कार्डं आली आहेत. काम मोठं आहे आणि मनापासून व्हायला हवं. पण कार्ड वाचायचं कसं ते वर्गातच शिकवावं लागणार. वाहकाचं कार्ड असलेल्या मुलीचं जमलेलं लग्न मोडल्याचं मी गेल्या दोन वर्षांत दोनदा ऐकलं. एकदा तर समोरच्या मुलाची तपासणीच झालेली नव्हती. मुलगा एए असता तर त्यांच्या एकाही मुलाला हा आजार झाला नसता. कुंडलीसारखं कार्ड वाचलं की असं होतं: फक्त मुलीचं बघायचं आणि दोष मुलीचाच काढायचा. बारावीच्या मुलींना मी आता स्वच्छ सांगते, कार्ड दोघांचं बघायला सांग. एकाच्या ‘वाहक’ कार्डाने काहीही ठरत नाही. आणि दोघे वाहक असले तरी डॉक्टरांचा सल्ला आहे, गर्भाची तपासणी आहे, निर्णय त्या दोघांचा आहे.

त्या वडिलांनी सांगितलेलं केलं, जरा उशिराने. धान घरात आल्यावर, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, दोन्ही मुलांना घेऊन ते मेकाहाराला गेले. मुलगी एएस निघाली. धाकटा, बारा वर्षांचा, एसएस निघाला. त्याचे पाय दुखायचे, डोळे पिवळे व्हायचे. घरच्यांनी पीलिया, म्हणजे कावीळ, समजून झाडफूक करून घेतली होती, दोनदा गळ्यात माळ घातली होती. त्याला सिकलिंग असेल हे कुणाच्या मनातच आलं नाही, कारण घरातला काळा खाना तर भरून झाला होता. फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सीयुरिया सुरू झाल्यावर त्याची कळ खूप कमी झाली. बहीण पुढे नर्सिंगला गेली. तिने एकदा फोनवर विचारलं, “मैडम, वो चार खाने वाला अब भी वैसे ही पढ़ाती हैं?”

नाही, तसा शिकवत नाही. चौकोन काढते, काळा खानाही भरते. मग खाली लिहिते, ‘हा एका मुलाचा चौकोन’. आणि दुसऱ्या मुलाबद्दल बोलायच्या आधी डस्टर घेऊन तो पूर्ण पुसते आणि पुन्हा पहिल्यापासून काढते. तिसऱ्यासाठी पुन्हा. फळ्याजवळ सहा-सात मिनिटं जास्त जातात. अभ्यासक्रम मोठा आहे, वेळ कमी आहे, सगळं मला माहीत आहे. तरी जीवशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो, विदर्भात असा की छत्तीसगडात, ती सहा मिनिटं द्या. चौकोन पुसा आणि पुन्हा काढा.